जमुनाची डावी किडनी

१

सोनोग्राफीच्या डॉक्टरांनी जमुनाच्या डाव्या कुशीवर तिसऱ्यांदा जेल लावलं, तेव्हाच तिला कळलं की काहीतरी बिनसलं आहे. दुखत होतं उजवीकडे. कळ उजवीकडची, ताप त्याच कळीमुळे आलेला, आणि हा माणूस शोधत होता डावीकडे. एकदा कुशीवर, एकदा पाठीवर, एकदा पार खाली. 

जमुना वलगावच्या पुढच्या एका गावात अंगणवाडी सेविका होती. तीस वर्षांची, सडपातळ आणि स्वभावाने धीट. विंचू चावलेल्या माणसालाही ती घाई न करता धीर देई. पण त्या दिवशी टेबलावर पडल्या पडल्या तिची बोटं गार पडली.

"बाई, तुमचं कधी ऑपरेशन झालं होतं का?"

"अपेंडिसचं झालं होतं. अकोल्याले. सात वर्सं झाले."

"फक्त अपेंडिक्सचं?"

"हो. कावून?"

डॉक्टरांनी हातातलं यंत्र खाली ठेवलं. "तुमची डावी किडनी दिसत नाही. जागा रिकामी आहे. काही जणांना जन्मतःच एक असते, नाहीतर..." ते मध्येच थांबले. बाहेर बावीस पेशंट बसले होते. "रिपोर्ट घ्या आणि मोठ्या डॉक्टरांना दाखवा."

आधीचं सगळं वाक्य जमुनाच्या कानावरून गेलं. तिने ऐकला तो एकच शब्द, 'नाहीतर'.

ते २००६ साल होतं. आपल्या जिल्ह्यातल्या एका गावाने 'किडन्या विकणे आहे' अशी पाटी लावल्याची बातमी तिने अंगणवाडीत पोरांना खिचडी वाढता वाढता वाचली होती. आता तीच बातमी तिच्या कुशीत येऊन बसली.

बाहेर बाकावर तिचा नवरा गजेंद्र बसला होता. ती आली तसा तो उठला आणि तिच्या हातातल्या पाकिटाकडे बघत हळू आवाजात म्हणाला, "डाक्टरनं अकोल्याचं काही इचारलं काय?"

दुखणं काय निघालं, हे त्याने विचारलंच नाही.

२

गजेंद्रचा धंदा संत्र्याच्या रोपवाटिकेचा. जंबेरी लिंबाच्या रोपावर संत्र्याचा डोळा बांधून कलम करण्यात त्याचा हात असा बसलेला, की अचलपूर-परतवाड्याकडचे बागाईतदार त्याला बोलावून नेत. माणूस अबोल, निर्व्यसनी. आठ वर्षांत त्याने तिच्यावर कधी हात उगारला नव्हता. हे सगळं जमुनाने त्या दुपारी मनाशी पुन्हा पुन्हा घोकलं आणि त्याचबरोबर पेटी उघडली.

मुलगी शाळेत होती. सासू, पार्वताबाई, शेजारी गहू निवडायला गेली होती. पेटीत लुगड्यांच्या खाली अकोल्याच्या दवाखान्याची फाइल होती. तिने ती उघडली. आत औषधाच्या दोन चिठ्ठ्या, बस. घरी सोडताना देतात ते कार्ड नव्हतं. एक्स-रेचं मोठं पिवळं पाकीट होतं, पण आत एकही फोटो नव्हता. पाकिटावर तिचं नाव, सहा फिल्म असा आकडा आणि खाली तारीख होती.

"काय शोधून राहिली?"

गजेंद्र दारात उभा होता. त्याच्या हातात कलमाचे डोळे बांधायचा चाकू होता, दगडावर नुकताच घासलेला. पात्याला अजून पाणी होतं.

"पोरीचं लसीचं कार्ड."

त्याने पाकिटाच्या पिवळ्या कोपऱ्याकडे पाहिलं. मग चाकू पायजम्याला पुसला. "जुने कागद नको काढू. वाळवी लागली हाय त्याईले."

तो गेल्यावर तिने पेटी तळापर्यंत उपसली. वाळवीचा एक कणही नव्हता.

ती तिथेच भुईवर बसली. सात वर्षांपूर्वी पोटात असह्य दुखलं तेव्हा तिला अकोल्याला नेलं कोणी? गजेंद्रने आणि त्याचा चुलतभाऊ खुशालराव याने. अमरावती जवळ असताना अकोलाच का? खुशालरावची तिथे ओळख होती म्हणून. आणि खुशालरावकडे जीप आली ती त्याच साली. एकेक गोष्ट जुळत गेली. संध्याकाळी गजेंद्रने पुढे केलेला चहा तिने त्याची पाठ वळताच परसात ओतला.

३

अमरावतीला वलगाव रोडवर परवीनबाजी राहत. सरकारी दवाखान्याच्या ऑपरेशन थिएटरात छत्तीस वर्षं सिस्टर होत्या. निवृत्तीनंतर त्या अंगणवाडीच्या सेविकांना शिकवायला येत, तिथली त्यांची आणि जमुनाची ओळख. चष्म्याच्या दोरीशी चाळा करत त्या समोरच्याचं ऐकून घेत आणि असा प्रश्न विचारत, की समोरचा स्वतःच चमकून जाई. दवाखान्यातून हरवलेल्या वस्तू बाजींनी शोधून दिल्याच्या गोष्टी सेविकांमध्ये फार चालत.

जमुनाने सगळं सांगितलं. शेवटी तिचा आवाज फुटला. "बाजी, मले घरी जायचं भेव वाटते. जेवण गिळत नाही. तो माणूस बाजूले बसते अन् मले वाटते, ह्यानं मले विकलं."

"रो मत. आधी टाका दाखव."

उजव्या बाजूला, खाली, चार बोटांची आडवी खूण होती. बाजींनी ती पाहिली. मग तिला पालथं झोपवून दोन्ही कुशींवरून, पाठीवरून, बरगडीखालून सावकाश तळवा फिरवला. सगळीकडे कातडी गुळगुळीत होती.

"हं," एवढंच त्या म्हणाल्या. पिवळ्या पाकिटावरची तारीख त्यांनी चष्मा पुसून दोनदा वाचली. "ऑपरेशन कोणत्या दिवशी झालं?"

"नागपंचमीच्या दिवशी. हे पक्कं हाय."

भिंतीवर उर्दू कॅलेंडर होतं, पण बाजींनी कपाटातून जुन्या डायऱ्यांचा गठ्ठा काढला आणि त्या सालची नागपंचमी शोधली. पाकिटावरची तारीख तिच्यानंतर तीन दिवसांची होती.

"ह्याचा काय अर्थ?"

"अर्थ नंतर. आधी खुशालराव."

खुशालराव पंचवटी चौकात भाड्याच्या गाड्यांपाशी सापडला. जाडजूड, बडबड्या माणूस. पण जमुनाला बाजींबरोबर पाहून त्याची बडबड आटली.

"भाऊ, जीप कधी घेतली तुम्ही?" बाजींनी विचारलं.

"नव्व्याण्णवच्या अक्षय्य तृतीयेले. कावून?"

"हिला अकोल्याला कशात नेलं?"

"ह्याच जीपमधी. मागच्या सीटवर आडवी टाकून."

जमुनाच्या डोक्यात काहीतरी खटकन हललं. खरंच की. ती त्याच जीपमध्ये कण्हत होती. नव्या सीटचा वास तिला त्याही स्थितीत आठवत होता. तिला नेलं तेव्हा जीप होतीच, तर ती तिच्या किडनीतून कशी येणार? भीतीने सालं उलटीपालटी केली होती.

तिला थोडं हायसं वाटतं न वाटतं तोच बाजींनी पुढचा प्रश्न टाकला. "आणि ऑपरेशननंतर? डॉक्टर काय म्हणाले?"

खुशालरावने रुमालाने मान पुसली. जमुनाकडे बघायचं टाळलं. "ते मले नका इचारू, बाई. गजूनं मले पोरीची शपथ घातली हाय."

४

दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीने दोघी अकोल्याला निघाल्या. जमुनाने घरी अंगणवाडीच्या मीटिंगचं सांगितलं. बडनेरा गेलं, मूर्तिजापूर गेलं, तरी खिडकीबाहेर तिचं लक्ष लागेना. मार्च महिना, कापूस उचललेली काळी शेतं उघडी पडली होती.

"बाजी, शपथ घालायची वेळ कवा येते माणसावर?"

"गुनाह लपवायचा असतो तेव्हा. किंवा भीती."

दवाखाना बंद पडला होता. डॉक्टर गोवर्धन तीन वर्षांपूर्वी वारले होते आणि इमारतीत कोचिंग क्लास चालत होते. मात्र तिथला जुना कंपाउंडर नईमभाई ताजनापेठेत औषधाचं दुकान चालवत होता. बाजींनी आधी त्याच्याशी ओळखी काढल्या, मग जमुनाला पुढे केलं.

नईमभाईने तिला निरखलं. "याद आहे. वो संत्रेवाले की बीवी. तुम्हाला कसं विसरणार? डॉक्टरसाहेब त्या दिवशी थिएटरातून बाहेर आले ते गप्पच. मग म्हणाले, नईम, आज पोटात अजब चीज हाताला लागली."

"काय लागली?" जमुनाने विचारलं.

"ते मला नाही सांगितलं. तीन दिवसांनी तुम्हाला रिक्षाने फोटोला पाठवलं. रंगाचं इंजेक्शन देऊन काढतात ते."

जमुनाला एकदम आठवलं. थंड टेबल. दंडात सुई. मग घशापासून पायापर्यंत चढलेली विचित्र ऊब आणि थांबून थांबून काढलेले फोटो. इतकी वर्षं तिला वाटायचं, ते भूल उतरतानाचं स्वप्न असेल.

"आणि तुमचा नवरा," नईमभाई जरा थबकला. "फोटो आल्यावर तो डॉक्टरसाहेबांच्या खोलीत अर्धा घंटा होता. मी बाहेर होतो. हात जोडून म्हणत होता, हे कागदावर लिहू नका. घरी कोणी पाहिलं तर सगळं संपलं."

दुकानाचा काउंटर जमुनाने घट्ट धरला. म्हणजे तो होताच त्यात. दुसरं कोणी नाही, तोच.

स्टँडवर दोघी परतीच्या गाडीची वाट बघत बसल्या. बाजींनी तिच्या पिशवीतून सोनोग्राफीचा रिपोर्ट काढला आणि पहिल्या ओळीपासून वाचत सुटल्या. दुसऱ्या पानावर, अगदी खाली, मूत्राशयाबद्दलच्या ओळीशी त्यांचं बोट थांबलं. तीच ओळ त्यांनी पुन्हा वाचली आणि चष्मा काढला.

"या अल्लाह," त्या पुटपुटल्या. "अगं, हे तर इथेच लिहिलंय."

"काय?"

पण गाडी लागली, गर्दी उसळली आणि दोघींना दोन टोकांना जागा मिळाली. तीन तास जमुना बाजींच्या पाठमोऱ्या डोक्याकडे बघत बसली.

अमरावतीच्या स्टँडवर उतरताना तिचा पाय पायरीवरच थिजला. खाली, पान-टपरीला टेकून, गजेंद्र उभा होता.

"खुशालनं सांगतलं मले सगळं. अकोल्याले कावून गेली होती?"

५

जमुना मागे सरकली आणि बाजींना धडकली. बाजी मात्र पुढे झाल्या. "जावईबापू, चला माझ्या घरी. जे विचारायचंय ते तिथे विचारा. आणि जे सांगायचं राहिलंय तेही तिथेच सांगा."

खोलीत तिघं बसले. जमुना दाराजवळ, पळता येईल अशी. गजेंद्रचा चेहरा राखेसारखा झाला होता.

बाजींनी त्याच्याकडे न बघता जमुनालाच सांगायला सुरुवात केली. "बेटी, तुझी किडनी कोणी चोरली नाही. हे मी आता खात्रीने सांगते, ऐक. किडनी असते पाठीकडे, बरगडीखाली. ती काढायची तर कुशीत वीतभर चिरा लागतो, समोरून काढली तरी मोठाच. तुझ्या अंगावर एकच खूण आहे, उजवीकडे, चार बोटांची. त्यातून अपेंडिक्स निघतं. डावी किडनी नाही निघत. मी छत्तीस वर्षं चिरे मोजलेत."

"मंग फोटो?"

"तेच. रंगाचे फोटो किडनी बघायला काढतात. चोराने काढले तर चोरीच्या आधी काढले असते, माल चांगला आहे का बघायला. तुझे काढले ऑपरेशनच्या तीन दिवसांनंतर. चोरी करून कोणी मुद्दाम पुरावा तयार करतं का? डॉक्टरांच्या हाताला पोटात काहीतरी लागलं, ते त्यांनी न छेडता सोडलं आणि नंतर फोटो काढून बघितलं. नेक आदमी."

"पण जागा रिकामी हाय. डाक्टरनं सोता पायलं."

बाजींनी रिपोर्ट उघडून ती ओळ दाखवली. "किडनीतून एक नळी निघते, ती लघवी खालच्या पिशवीत आणते. उजव्या किडनीची नळी पिशवीत उजवीकडे उघडते, डावीची डावीकडे. सोनोग्राफीत पाण्याची ती धार दिसते. तुझ्या रिपोर्टात काय लिहिलंय? दोन्ही बाजूंनी धार दिसली. त्या डॉक्टरांनी सवयीने लिहिलं, बावीस पेशंट होते, विचार करायला वेळ नव्हता. पण डावीकडून पाणी येतंय तर ते देणारी किडनी कुठेतरी आहेच. तिच्या जागी नाही, म्हणजे दुसरीकडे आहे. आणि वर लिहिलंय, उजवी किडनी नेहमीपेक्षा फार लांब, आकार वेडावाकडा."

जमुनाने हात उजव्या कुशीवर ठेवला. "दोन्ही इकडंच हाय?"

"मला तसंच वाटतं. आईच्या पोटात किडन्या खाली बनतात आणि मग वर चढतात. हजारांत एखाद्याची एक किडनी चढताना पलीकडे जाते आणि दुसरीला चिकटते. कोणाच्या दोन्ही खालून जुळून घोड्याच्या नालेसारख्या होतात. तो गुन्हा नाही, रोगही नाही. उद्या माझी भाची जेबा सीटी स्कॅन करेल, मग पक्कं होईल." बाजी आता गजेंद्रकडे वळल्या. "पण ह्यांना ते सात वर्षांपासून पक्कं माहीत आहे. हो ना?"



"डाक्टरनं फोटो दाखवला," गजेंद्र जमिनीकडे बघत बोलला. "म्हणे, दोनी गुर्दे एका बाजूले जुळेल हायेत. जलमापासून. घाबराचं कारण नाही म्हणे, पण खालच्याची नळी निघते तिथं अरुंद हाय, वर्साले एकदा तपासा. दुखलं तर ऑपरेशन लागन. त्याच उन्हाया‌त माह्या बहिणीले, सीमाले, सासरच्याईनं परत पाठवलं होतं. हातावर एक पांढरा डाग निंघाला म्हून. आमची माय तवापासून हसली नाही. आपल्या लग्नाले वरीस झालं होतं. मले वाटलं, बुढीनं हे पायलं तर म्हणन, खोट हाय सुनेत, धाडा माहेरी. फोटो अन् कार्ड चुलीत घातलं. खुशालले शपथ घातली."

"अन् मी?" जमुनाने विचारलं. आवाज इतका शांत होता की तिचा तिलाच परका वाटला. "सात वर्सं मले कळ येत होती. तुमी मले ओवा देत होते. वात हाय म्हणत होते. तुमाले ठाऊक होतं."

"मी तुह्यासाठीच..."

"माह्यासाठी नाही. भेव तुमाले वाटलं, अन् भोगलं मी."



६

जेबा ही बारीक चणीची, भरभर बोलणारी डॉक्टर होती. सीटीच्या पडद्यावर तिने बोट फिरवलं आणि जमुनाने स्वतःच्या पोटातली ती आकृती पहिल्यांदा पाहिली. वर एक किडनी, तिच्या खालच्या टोकाला चिकटलेली दुसरी, आणि त्या दुसरीची नळी मणक्यावरून ओलांडून डावीकडे गेलेली. बाजींनी सांगितलं होतं तस्संच. फक्त खालची फुग्यासारखी फुगली होती.

"वाट अरुंद आहे म्हणून लघवी तुंबते. त्याचीच कळ आणि त्याचाच ताप," जेबा म्हणाली. "खालची थोडी खराब झालीय, पण वाचेल. आणखी दोन-तीन वर्षं गेली असती तर मी हे म्हणाले नसते. आणि एक सांगते. कोणी नीट न तपासता गाठ समजून हा गोळा काढला असता, तर तुमच्या दोन्ही किडन्या एकदम गेल्या असत्या."

जमुनाने पडद्यावरचा तो फुगलेला गोळा पुन्हा निरखला. ज्या भीतीने तिला आठवडाभर पोखरलं होतं, ती खोटी होती. खरी भीती कागद जाळल्याच्या दिवसापासून तिच्याबरोबर वावरत होती आणि तिला पत्ताच नव्हता.

ऑपरेशन चैत्रात झालं. अशा किडनीला रक्त नेणाऱ्या नसा भलत्याच ठिकाणांहून येतात, म्हणून सर्जनांनी आधी त्यांचा नकाशा काढला. मग अरुंद भाग कापून नळी पुन्हा रुंद तोंडाने जोडली, आत दीड महिन्यासाठी बारीक नळी ठेवली. संमतीच्या कागदावर गजेंद्र सही करायला पुढे झाला तेव्हा जमुनाने हात पुढे करून पेन घेतलं. स्वतःचं पूर्ण नाव लिहिलं. बेशुद्ध होताना ती भ्याली, खूप भ्याली, पण ह्या वेळी कशाला भ्यायचं ते तिला ठाऊक होतं.

पाचव्या दिवशी पार्वताबाई भाकरीचं फडकं घेऊन वॉर्डात आली. गजेंद्र खिडकीपाशी उभा होता. त्याने जमुनाकडे बघून मान किंचित हलवली, सांगू नको अशी.

जमुनाने सासूला खाटेवर बसवलं आणि सगळं सांगितलं. किडन्या जन्मापासून जुळलेल्या आहेत ते, गजेंद्रने फोटो चुलीत घातले ते, का घातले ते. एकही शब्द गाळला नाही.

म्हातारी ऐकत राहिली. मग पदराने तिने जमुनाचं कपाळ पुसलं आणि विचारलं, "आता दुखते का?"

"कमी हाय."

"हं." ती उठली आणि मुलासमोर जाऊन उभी राहिली. तो तिच्यापेक्षा हातभर उंच होता, तरी त्याला मान वर करता येईना.

"ज्याईनं माही सीमा धाडून देली, त्याईले मी सात वर्सं शिव्या घालून राहिली," पार्वताबाई म्हणाली. "अन् तू सात वर्सं मले त्याईच्यात धरलं? मायले एकदा इचारून त पाहाचं होतं."

गजेंद्र खिडकीच्या गजाला कपाळ टेकून रडायला लागला. दोघींपैकी कोणीही त्याला गप्प करायला उठलं नाही. पार्वताबाईने फडकं सोडलं, भाकरीचा तुकडा मोडला आणि सुनेच्या हातात दिला.